‘आमच्या वेळी कुठं होते पंप?’ : काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

नव्या आईनं ब्रेस्ट पंप, म्हणजे अंगावरचं दूध काढायचं यंत्र, कसा निवडावा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकूंच्या सुनेनं लेख वाचून आठ हजारांचा इलेक्ट्रिक पंप मागवला. लावला की दुखतं आणि दूध जेमतेम बाटलीच्या तळाला दिसतं, म्हणून तो आता कपाटात पडलाय. काकू लिहितात, “आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळत लेकरं अंगावर पाजली, कुणाला यंत्र लागलं नाही. ही सगळी नवी थेरं. काढून ठेवलेल्या दुधात काय कस राहणार? सुनेला मुळात दूधच कमी, तिथं यंत्र काय करणार? कंपन्यांचे पैसे घेऊन लोकांच्या सुनांना खर्चात पाडू नका.” आणि शेवटी विचारलंय, की हा पंप गल्लीतल्या दुसऱ्या बाळंतिणीला देऊन टाकू का.

पैशांचं आधी सांगते. मी कुठल्याही कंपनीकडून पैसे घेत नाही, नमुना म्हणून पंपही घेत नाही. त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं ते त्यामुळंच. प्रसूतिगृहात बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करणं हे माझं काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांना मी सांगते की पंप घेऊ नका. तेव्हा इथं तुमचं-माझं भांडण नाहीच. विड्या वळणारी आई घरात असते, बाळ शेजारी झोळीत असतं, ते कुरकुरलं की ती उचलून पाजते. तिला पंपाचं काय काम? तिला मी एवढंच सांगेन, की तंबाखूचे हात साबणानं स्वच्छ धुऊन मग बाळाला घ्या आणि सुपापासून झोळी लांब बांधा.

पण तुमची सून बँकेत आहे, आणि रजा संपली की तिला रोज अक्कलकोटच्या शाखेत जायचंय, हे तुम्हीच लिहिलंय. पंपाचं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: आई बाळापासून किती तास लांब राहणार? २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. तिनं तेवढे आधी घेतले असतील, तर ती कामावर रुजू होईल तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असेल. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नसतं. मग मधले दोन महिने काय करायचं?

सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी सातला परतायचं म्हणजे दहा तास झाले. तेवढा वेळ दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी होतात, कधी ताप भरतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दूध साचून राहिलं की शरीर ते कमी करायला लागतं. जितकं निघेल तितकं नव्यानं बनतं, हा अंगावरच्या दुधाचा साधा नियम. बाळ ओढत नसेल तेव्हा दुसऱ्या कशानं तरी ते काढावंच लागतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या जागी दिवसातून दोन जादा सुट्ट्या देण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या वेळेत एका बाजूचं झाल्यावर दुसऱ्या बाजूचं, असं करत बसलं तर निम्मी सुट्टी संपते. दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा, बॅटरीवर चालणारा पंप तिच्यासाठी योग्यच आहे. सुनेनं उधळपट्टी केलेली नाही, काकू.

मग दुखतं का? मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण पंप कपाटात जातात ते बहुतेक याच पायी.

पंपाला छातीवर बसणारी जी प्लास्टिकची नरसाळ्यासारखी वाटी असते, तिच्या नळीला माप असतं. खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरची येते. पायातल्या चपलेचं माप बघतो तसं या वाटीचं बघायला हवं, पण ते कुणी बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणींना २१, १९, कधी त्याहूनही लहान वाटी लागते. काहींना मोठी लागते. सुनेला सांगा, दूध काढायच्या आधी स्तनाग्राच्या बुडाशी साधी मोजपट्टी धरून रुंदी मोजायची. भोवतीचा काळा भाग धरायचा नाही, फक्त बोंडी. त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवले की वाटीचं माप साधारण समजतं. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघालं तर घाबरू नये, असं असतं.

मग पंप चालू करून नळीत बघायचं. बोंडी मोकळेपणानं पुढं-मागं सरकते आहे का? ती कडेला घासत असेल, नंतर पांढरी पडत असेल तर वाटी लहान झाली. तिच्याबरोबर काळा भागही आत ओढला जात असेल, आणि काढल्यावर गोल वळ दिसत असेल, तर वाटी मोठी. तुमच्या सुनेचं वर्णन वाचून मला मोठी असल्याचीच शंका येते. लहान मापाची वाटी, किंवा आहे त्याच वाटीत बसवायचा सिलिकॉनचा आतला तुकडा सुटा मिळतो. नवा पंप घ्यायची गरज नाही.

दुसरं म्हणजे ओढ. दूध येत नाही म्हणून बटण दाबत दाबत शेवटच्या आकड्यावर नेऊ नका. जोरात ओढलं की जास्त निघतं, हा मोठा गैरसमज आहे. दुखलं की पान्हाच आखडतो. बाळ कसं पितं ते तुम्ही चार वेळा पाहिलंय: आधी भराभर हलके झटके, मग पान्हा फुटला की सावकाश, खोल घोट. चांगल्या इलेक्ट्रिक पंपात हेच दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दोनेक मिनिटं घालवायची, थेंब सुरू झाले की दुसऱ्यावर जायचं. ओढ एकेक पायरी वाढवायची, नकोसं वाटलं की एक पायरी खाली यायचं आणि तिथंच थांबायचं. त्याआधी कोमट कापडानं शेकून, बोटांनी हलकं चोळून घेतलं तर फार फरक पडतो.

आणि वाटीच्या खाली जी छोटी सिलिकॉनची झडप असते, बदकाच्या चोचीसारखी, ती एकदा उजेडात धरून बघा. तिच्या फटीत ब्रश घातला की ती फाटते, फट मिटेनाशी होते आणि पंप नुसता घरघरतो, ओढत नाही. आपल्याकडे अजून एक गोष्ट होते. नळाला रोज पाणी नाही, मग बोअरचं पाणी उकळून त्यात भाग निर्जंतुक करतात, आणि त्या जड पाण्याचे पांढरे थर झडपेवर बसतात. उकळायला पिण्याचंच पाणी घ्या. म्हणूनच सोलापुरातल्या आयांना मी सांगते, पंप घेताना त्याचे सुटे भाग मोजा. दिवसातून तीनदा धुवायचे भाग दहा-बारा असले तर चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात तो पंप टिकत नाही. अंगात घालून फिरता येणारे छोटे पंप दिसायला सोयीचे वाटतात, पण त्यांत दूध किती आलं आणि बोंडी कशी बसली ते नीट दिसत नाही. पहिलाच पंप म्हणून तो मी सुचवत नाही.

आता ‘दूधच कमी’ याबद्दल. काकू, हे वाक्य घरात बोलू नका, अशी हात जोडून विनंती आहे. पंपात किती आलं यावरून आईला दूध किती आहे ते कळत नाही. पंपाला बाळासारखं ओढता येत नाही. शिवाय तुमचं बाळ अजून दिवसभर अंगावर पितंय, तेव्हा पंपात येतं ते त्याचं पोट भरून उरलेलं. तळाला थोडंसं आलं तर ते ठीकच आहे. बाळ दिवसाला सहा-सात वेळा भरपूर शू करतंय का, वजन वाढतंय का, एवढं बघा. करत असेल, वाढत असेल, तर दूध पुरतंय. नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो प्रश्न पंपाचा नाही.

कस जातो का? नाही जात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. काढलेल्या, तपासलेल्या, तापवून जंतुमुक्त केलेल्या दुधावर तिथं अपुऱ्या दिवसांची नाजूक बाळं वाढवली जातात. दूध बिघडतं ते काढल्यामुळं नाही, ठेवण्यातल्या हयगयीमुळं. बाहेर चार तास चालतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते २५ अंशांच्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या दिवसांत काढलेलं दूध बाहेर ठेवूच नका. काढलं की झाकण लावून फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं म्हणतात, पण आपल्याकडे लाईट जाते, दार सारखं उघडतं, म्हणून मी २४ तासांत वापरायला सांगते. अक्कलकोटहून परत येताना बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा हवा. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून कोमट करायचं.

आणि पंपाबरोबर बाटली-निपल आलं असेल तर ते बाजूला ठेवा. तुमच्या हाताला वाटी-चमच्याची, बोंडल्याची सवय असेलच. दिवसा बाळाला पाजणार तुम्ही, आणि बोंडल्यानं पाजता येणारी आजी घरात असणं हे कुठल्याही महागड्या पंपापेक्षा मोलाचं आहे. हे मी मनापासून लिहितेय.

तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘कुणाला यंत्र लागलं नाही’ हे वाक्य मात्र मला तसंच सोडता येत नाही. मंगळवेढ्याकडची एखादी आई घरी, आणि दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेलं तिचं बाळ सोलापुरात काचेच्या पेटीत, असं मी नेहमी बघते. साधारण ३४ आठवड्यांआधीच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही, दूध नळीनंच जातं. त्या आईनं बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची असते आणि रात्र धरून दिवसाला निदान आठ वेळा दूध काढायचं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक हातानंच काढावा, तो थेंब थेंब असतो, पंपाच्या भांड्यालाच चिकटून वाया जातो. पुढं मात्र तिला दोन्ही बाजूंचा दमदार इलेक्ट्रिक पंप लागतोच. तिचा नवरा बर्फातली बाटली घेऊन एसटीनं येतो. तिच्यापुढं मला ‘थेरं’ हा शब्द उच्चारवत नाही. पूर्वी अशी किती बाळं हाती लागत होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

घरी विड्या वळणारी आणि ही पेटीतल्या बाळाची आई, या दोघींच्या मधल्या बायका बऱ्याच आहेत. गारमेंटच्या युनिटमध्ये शिलाई करणारीला बसायला आडोसा नाही, फ्रीज नाही, प्लग नाही. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय हवी, असं कायदा म्हणतो, पण लहान युनिटं त्यात बसत नाहीत. तिला मी हातानं काढायला शिकवते. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही, तिथंच बायका सोडून देतात. झाकणाची स्टीलची डबी उकळून घेतली की झालं, खर्च शून्य. आठवड्यातून एखाद-दोन वेळाच बाहेर जाणारीला हातानं दाबायचा साधा पंप पुरतो, तो हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. मेडिकलमध्ये मिळणारा रबरी फुग्याचा पंप मात्र कुणीही घेऊ नका. फुग्याची ओढ आवरता येत नाही आणि दूध आत गेलं तर तो आतून धुता येत नाही.

शेवटचा प्रश्न, गल्लीतल्या बाळंतिणीला द्यावा का. आत्ता देऊ नका, आधी वाटीचं माप बदलून आठवडाभर बघा. दिवसातून एकदाच, सकाळी बाळ पिऊन झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं, तेव्हा छाती जरा भरलेली असते. रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधी हाताला सवय झाली म्हणजे पुरे. त्यानंतरही नकोच झाला, तर माहितीपत्रकात ‘क्लोज्ड सिस्टिम’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो. तरी बहुतेक कंपन्या घरगुती पंप एकीनंच वापरायला सांगतात, तेव्हा आधी पत्रकात काय म्हटलंय ते वाचा. परवानगी असेल तर नुसती मोटर द्या, वाट्या, झडपा, नळ्या, बाटल्या त्या मुलीनं नव्या घ्यायच्या. क्लोज्ड सिस्टिम नसेल, किंवा नळीत एकदा जरी दूध गेलेलं दिसलं असेल, तर कुणालाच देऊ नका. आतल्या मोटरपर्यंत गेलेलं दूध धुता येत नाही, आणि बुरशी धरली तरी बाहेरून दिसत नाही.

सुनेला माप घेऊन इथंच लिहायला सांगा. कुठलं माप मागवायचं ते मी सांगेन.