पैरा फेडायचा असतो, चुकता करायचा नसतो

मागच्या श्रावणात गावी माझ्या हातून एक घोडचूक झाली. आईचे गुडघे धरले होते आणि शेजारच्या काकींचा दोन दिवसांचा पैरा तिच्या अंगावर राहिला होता. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, ये, उद्या मी तुझ्या रानात येते. दिवसाला दिवस. पैशाचा संबंध नाही.) काकींच्या सोयाबीनात तण माजलेलं, आणि आई रात्री गुडघ्याला तेल चोळत "दोन दीस हायती तिचं, दोन दीस हायती" घोकत बसलेली. मी म्हटलं, त्यात काय एवढं! बायकांचा रोज तेव्हा तीनशे रुपये चालू होता. सहाशे रुपये घेतले, काकींच्या दारात गेलो. म्हटलं, हे घ्या, आईच्या बदली कुणी बाई लावा.

काकी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी नोटांना हात लावला नाही. "ठेव तितं," एवढंच म्हणाल्या आणि परत लसणात. संध्याकाळी बघतो तर आमच्या उंबऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि त्याच्याखाली त्याच सहाशेच्या नोटा, घडीसुद्धा न मोडलेल्या.

आई म्हणाली, "पैसं देऊन तिला मोकळी केलीस व्हय रं? आता ती कशापायी यील आपल्या दारात?"

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, गावाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

फेसबुकवर रोज गावाचे रील येतात. चुलीवरची भाकरी, हुरडा, मागे बासरी, आणि खाली 'गावची माणसं किती प्रेमळ!' कसली प्रेमळ? आमची आई आणि याच काकी, बांधावरच्या एका बाभळीपायी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण पैरा चालू होता! एका रानात, शेजारशेजारच्या पातीला, म्हणजे ओळीला, बसून, मधल्या बाईला निरोप द्यायच्या: "तिला म्हणावं, उद्या आमच्यात या." प्रेम आटलं तरी दिवसांचा हिशेब आटला नव्हता. बाभूळ पुढं वाऱ्यानं पडली, भांडण मिटलं, तो भाग वेगळा.

माझ्या मते गाव तगून राहिलं ते या न फिटणाऱ्या देण्यामुळं. तात्या गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नाही, पण कडू घास कुणी कुणी आणला हे आईला आजही तोंडपाठ आहे. कुणाची ज्वारीची भाकरी, कुणाचं पिठलं, कुणी भांडीसुद्धा घासून नेली. ते सगळं तिनं एकेकाच्या वाईट दिवशी फेडलं. आता गावाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' शंभर जण टाकतात. खांदा द्यायला मात्र तिरडीच्या चौघांत बदलायला माणूस शोधावा लागतो.

हे कुणा एकाच्या वाईटपणानं झालेलं नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या बाजूचं. एकेकाळी दुष्काळ, म्हणून घरटी एकेक पोरगा सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगलेला. मग टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलं. ते यावं म्हणून या भागानं आंदोलनं केली, त्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. पण पाण्यामागनं ऊस आला. उसाला तोडणीची टोळी लागते, ती मराठवाड्यातनं येते आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येते. भांगलणीच्या जागी तणनाशक आलं. पाठीवर पंप अडकवला की एक माणूस चार बायांचं काम उरकतो. पैऱ्याला फारशी जागाच उरली नाही.

आता जुन्याचं गुणगान गाताना एक गोष्ट लपवायची नाही. आमच्या पैऱ्यात खालच्या वस्तीतल्या बाया कधीच नव्हत्या. त्यांना रोजानं बोलवायचं. ज्याला रान नाही त्याला पैरा कशाचा? दिवसाच्या बदल्यात दिवस मागायला आपल्या नावावर गुंठाभर तरी जमीन लागते. त्यांच्यासाठी ही रोख मजुरीच मोकळीक होती, बलुत्यासारखं दारोदार पसा पसरण्यापेक्षा शंभर पटीनं बरी. तेव्हा 'पैसा आला आणि गाव बिघडलं' असं म्हणणारा माणूस कोणत्या आळीतला आहे, ते मी आधी बघतो.

आमच्या जिल्ह्यातच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. बातम्या लांबलांबपर्यंत गेल्या. मला त्या गावाचं कौतुक आहे, कारण तिथं पोलीस नाही, दंडाची भीती दाखवून राज्य करणं नाही. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आमच्या कट्ट्यावरही चाललंय, आपणही भोंगा आणू. आणा की! पण मोबाइल बंद झाल्यावर शेजाऱ्याच्या दारात जायला काही कारण पाहिजे ना. वाटीभर विरजणसुद्धा आता कुणी मागत नाही, किराणा दुकानात दह्याचा कप मिळतो. मागायला लाज वाटते म्हणे. मला वाटतं खरी लाज परत करावं लागेल याची आहे.

असो. त्या सहाशे रुपयांचं काय झालं ते सांगतो. पुढच्या रविवारी मी स्वतः खुरपं घेऊन काकींच्या रानात गेलो. बायकांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मला काठाची पात दिली, तिथं तण कमी असतं म्हणून. तासाभरात तळहाताला फोड, दोन सोयाबीनची झाडं तणाबरोबर उपटली, ती काकींनी न बोलता परत रोवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांची पात बांधाला लागलेली आणि मी अर्ध्यात. दिवस मावळता घरी आलो, आईला म्हटलं, घे, एक दिवस फिटला.

आईनं हात बघितला, फोडाला हळद लावली.

"अर्धाच धरलाय तिनं," म्हणाली. "दीड दीस अजून हायच."