किनेजचा भाग राहिलाच की

मदतनीस टी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) टीएच१ किंवा टीएच२ प्रकारच्या कशा बनतात, यावरचा लेख आवडला, पण आयएल-१२ हे निरोप देणारं प्रथिन मिळालं की टीएच१ आणि आयएल-४ मिळालं की टीएच२, एवढ्यावरच आटोपलंत राव. मधलं किनेजचं (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचं) काम राहूनच गेलं. आयएल-४ पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की आतले जॅक१ आणि जॅक३ हे किनेज जागे होतात, ते स्टॅट६ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, मग स्टॅट६ ची जोडी बनून न्यूक्लियसमध्ये जाते नि गाटा३ हे जनुक चालू करते, टीएच२ ठरतो तो तिथे. आयएल-१२ ला जॅक२ आणि टिक२ हे किनेज लागतात, पुढे स्टॅट४. शिवाय टी-सेल रिसेप्टरखालचा आयटीके हा किनेज असतोच, तो काढून टाकलेल्या उंदरांत टीएच२ धड बनतच नाहीत, टीएच१ मात्र बऱ्यापैकी बनतात! हे तरी यायलाच हवं होतं.

आणि वरच्या प्रतिक्रियांत ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतंय त्यांच्यासाठी, संधिवाताची टोफासिटिनिब गोळी (अमेरिकेत २०१२ ला मंजूर) हेच जॅक अडवते. म्हणून तर ती सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट करायला लावतात, कारण टीबीला दाबून ठेवणारं इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन मुख्यतः टीएच१ कडून येतं आणि त्याचा निरोपही जॅकमधूनच जातो. आपल्याकडे दबलेला टीबी किती कॉमन आहे ते वेगळं सांगायला नको.

एमटॉर या किनेजवर पण लिहा ना एकदा.