वस्त्रमाळेसाठी अंगणातला कापूस

कापूस पिकवण्यात देशात आघाडीवर असलेल्या राज्यात राहून समईच्या वातींसाठी आणि देवाच्या वस्त्रमाळांसाठी आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतली कापसाची गुंडाळी विकत आणतो, हे मला पटत नाही. ज्यांच्या घराला अंगण आहे, किंवा गच्चीवर एखादे मोठे पिंप ठेवण्यापुरती जागा आहे, त्यांनी देवकापसाचे, म्हणजे वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कपाशीचे, एक झाड लावावे आणि हस्तकलेची सुरुवात तिथूनच करावी. सोवळ्याओवळ्याचा मुद्दा मी बाजूला ठेवते. माझा आग्रह मालाच्या गुणासाठी आहे.

औषधाच्या दुकानात मिळणारा कापूस पाणी चटकन शोषावा म्हणून प्रक्रिया करून शुभ्र केलेला असतो. झाडावरून काढलेल्या कापसाच्या तंतूवर मात्र नैसर्गिक मेणाचा पातळ थर तसाच राहतो, त्यामुळे तो पाण्याला लवकर दाद देत नाही, पण तेल-तूप छान ओढतो, आणि वातीला तर तेच हवे असते. वस्त्रमाळेवर ओल्या कुंकवाचे बोट टेकवले की रंग फार न पसरता ठिपका जागच्या जागी राहतो, तोही याच थरामुळे.

खरा वेळ जातो तो सरकी काढण्यात. बोंड उमलल्यावर दव ओसरू द्यावे, उन्हे चढल्यावर कापूस वेचावा आणि वाळक्या पानांचा चुरा त्याला चिकटू देऊ नये, कारण एकदा तो तंतूंत शिरला की निवडून निघत नाही. मग कापसाला ऊन दाखवून तो पाटावर थोडा थोडा ठेवावा आणि लोखंडी सळई दाबून फिरवावी, म्हणजे सरकी पुढे निसटते व रुई मागे राहते. वेचलेल्या कापसात वजनाने रुई साधारण एक तृतीयांशच असते, बाकी सारी सरकी. त्यानंतर रुई बोटांनी उकलून मोकळी करायची, तिची लांब पट्टी ओढायची आणि दुधाचे बोट लावून ठरावीक अंतरावर पीळ देत एकेक मणी उठवायचा. प्रदर्शनात वस्त्रमाळेच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्यांनी एकदा त्या पाटाशी बसून पाहावे.

एका झाडाच्या कापसातून कापड विणण्याची स्वप्ने मात्र कोणी पाहू नयेत. फार तर टकळीवर सूत काढून राखी किंवा छोटे तोरण होईल, आणि ते पुरेसे आहे. फुलवाती, बेलवाती, वस्त्रे, कापसाची फुले अशा न कातलेल्या रुईच्या कामातच घरचा कापूस शोभतो. त्यावर चमकी आणि गोंद थापण्याची सध्याची हौस मला तरी समजलेली नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी एक काळजी घ्यावी. वर्षभर उभे राहणारे कपाशीचे झाड गुलाबी बोंडअळीला दोन हंगामांमध्ये आसरा देऊ शकते, म्हणून शेजारी कपाशीचे शेत असेल तर हा छंद टाळलेलाच बरा. इतरत्र लाल ढेकण्या उघड्या बोंडांवर बसून कापूस डागाळतात. झाड एकच असल्याने त्या हाताने झटकून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. बी शेतातल्या संकरित बीटी कपाशीचे घेऊ नये, कारण त्याच्या सरकीतून मूळ झाडासारखे झाड येईलच असे नाही. देवकापसाची सरकी जुन्या घरांच्या परसात अजून मिळते, ती मागून घ्यावी आणि पहिल्या पावसानंतर लावावी.