भाजलं की आधी पाणी, पॅथींचं भांडण नंतर

उकळतं तेल हातावर उडालं की घरात चार सल्ले एकदम सुरू होतात: हळद लाव, टूथपेस्ट लाव, शाई ओत, बर्फ ठेव. चारही चूक. पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं हात धरणं. आग थांबली म्हणून लगेच काढू नका. उशीर झाला तरी पहिल्या ३ तासांत पाण्याचा फायदा होतो.

आपल्या नागपूरची गोम वेगळीच. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच पोळत येतं. आधी चांगल्या हाताने बघा. गरम असेल तर माठातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. कूलरच्या टाकीतलं नको, ते किती दिवसांचं असतं ते सांगायला नको. बर्फाने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम खोल जाते. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. लहान मूल असेल तर फक्त भाजलेल्या भागावर पाणी, बाकी अंग पांघरुणात. नाहीतर ते गारठतं.

हळदीवर माझा खास राग आहे. पिवळ्या थराखाली जखम किती खोल ते डॉक्टरला दिसत नाही, मग ती खरवडून काढताना रुग्ण ओरडतो. तूप लावलं तर पुढे तेही पुसावंच लागतं.

पण ‘घरगुती म्हणजे थोतांड’ हेही मला पटत नाही. सोलापूरचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम) यांची तुलना छापली, आणि मध सरस ठरला. मुंबईत डॉ. केसवानींनी बटाट्याच्या सालीची पट्टी वापरली, शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. पट्टी जखमेला चिकटत नाही, बदलताना दुखत नाही, आणि स्वस्त. मात्र ती साल, ती पानं निर्जंतुक केलेली होती. स्वयंपाकघरातली कच्ची साल किंवा बरणीतला मध म्हणजे ती पट्टी नव्हे. मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात; जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी शुद्ध केलेला असतो.

उलट त्या सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी ट्यूब, जी मेडिकलवाला न विचारता देतो, तीही काही पवित्र नाही. वरवरच्या जखमेत ती भरणं लांबवते, वर पांढुरका थर धरते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा बाळ २ महिन्यांच्या आतलं असेल तर ती नकोच. फोड न फोडता व्हॅसलीनचं निर्जंतुक जाळीदार गॉज आणि वर कोरडी पट्टी, हे बहुतेक छोट्या जखमांना पुरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. मुलांत १० आणि मोठ्यांत १५ टक्क्यांच्या वर भाजलं तर सलाईन लागतं. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग, वीज किंवा आम्ल असेल तर टक्के मोजत बसू नका: १०८ लावा, नागपुरात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठा. पांढरी, चामड्यासारखी, न दुखणारी जागा हीच सगळ्यात खोल. आणि ३ आठवड्यांत जखम भरली नाही तर मलम बदलत बसू नका, प्लास्टिक सर्जनकडे त्वचारोपणासाठी दाखवा.