‘टाइमआउट एक सेकंद करा’ म्हणे!

लिनक्सचं मशीन शटडाउन होताना अडकत असेल तर ‘पाच रामबाण उपाय’, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा तो भाचीपर्यंत पोचला आणि तिने पहिला उपाय करूनही टाकला. म्हणून हे लिहिणं आलं.

पहिला उपाय: सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समधले प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याचा, ‘डिफॉल्ट-टाइमआउट-स्टॉप-सेक’ एक सेकंदावर आणा. काळ्या स्क्रीनवर लाल चांदण्या डावी-उजवीकडे सरकत असतात, ‘स्टॉप जॉब इज रनिंग’ लिहिलेलं असतं आणि पुढे 1 मिनिट 30 सेकंद, तोच हा टाइमआउट. तेवढा वेळ मशीन झोपा काढत नसतं. सिस्टमडी आधी सिगटर्म पाठवतं, म्हणजे ‘आवरा आता’. 90 सेकंदांत आवरलं नाही तरच सिगकिल, म्हणजे मानगूट धरून बाहेर. भाचीची स्वतः लिहिलेली एक सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सेन्सरचं तापमान मेमरीत साठवते आणि सिगटर्म आला की फाइलीत उतरवते. त्याला तीन-चार सेकंद लागतात. आता त्या फाइलीची शेवटची ओळ ‘23.’ एवढीच आहे, पुढचा दिवसभराचा डेटा गायब. शटडाउन मात्र झटपट हो!

90 सेकंद जास्त वाटतात, हे कबूल. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने 38व्या आवृत्तीपासून ते 45 वर आणले. 45 वर, एकावर नाही. शिवाय मॅन पान, म्हणजे लिनक्ससोबतच येणारं माहितीचं पान, उघडलं असतं तर कळलं असतं, की हा आकडा स्वतःचा टाइमआउट नसलेल्या युनिटांनाच (सर्व्हिस वगैरे, सिस्टमडी सांभाळतं त्यांना) लागू होतो. अडकतंय कोण ते बघायचं सोडून सगळ्यांनाच चाबूक कशाला? पुन्हा बूट केल्यावर सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ला ‘उणे बी उणे एक’ देऊन मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी वाचल्या, तर एक डाउनलोडचा प्रोग्राम निघाला. त्या एकट्याला 15 सेकंद दिले, बाकीचं पूर्ववत केलं.

दुसरा उपाय तर विनोदच आहे: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘एसीपीआय इज इक्वल टू ऑफ’ द्या. अहो, मशीनची वीज तोडण्याचं काम कर्नल एसीपीआयकडूनच, म्हणजे विजेचा कारभार बघणाऱ्या यंत्रणेकडूनच, करून घेतो! ते बंद केलंत तर बहुधा सगळं आवरून झाल्यावर मशीन तसंच चालू राहील.

तिसरा, स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, काढून टाका. स्वॅप भरलेला असेल तर तो रिकामा करायला वेळ लागतो, एवढंच त्यात खरं.

चौथा, पॉवर बटण दाबून धरा, ‘काही होत नाही’. एक्स्ट-फोर या फाइलसिस्टममध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही असते, त्यामुळे ती बहुतेकदा सावरते. डिस्कवर न पोचलेला डेटा मात्र जातोच. त्याआधी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस (डेटा डिस्कवर उतरवा), यू (डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवा), बी (रीबूट करा) सावकाश दाबून बघा. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात या बटणांचं मूळ सेटिंग 176 असतं, त्यात या तिन्ही चालतात.

पाचवा, लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करा. आणि मग तोच डाउनलोडचा प्रोग्राम परत टाका, असंच ना?