‘रिकोशे’ म्हणजे गोळी उलटी फिरणे नव्हे

‘रिकोशे म्हणजे गोळी कठीण पृष्ठभागावर आपटून झाडणाऱ्याकडेच परत येणे, पाण्यात मात्र ती बुडतेच’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

तिरकस कोनात येऊन पृष्ठभागाला घसटून पुढे उसळी घेणे, हा या शब्दाचा अर्थ आहे. मूळ फ्रेंच शब्द तर चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो त्या खेळासाठीच वापरला जात असे, त्यामुळे पाण्याला यातून वगळणे विशेष विनोदी ठरते. लोखंडी गोल गोळा सुमारे ७ अंशांहून कमी कोनात पाण्यावर आला तर तो बुडण्याऐवजी उसळू शकतो.

फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाँ याने १६८८ मध्ये फिलिप्सबुर्गच्या वेढ्यात हे तत्त्व तोफांना लावले आणि १६९७ मध्ये आथ येथे ते अधिक नेटके केले: दारू मुद्दाम कमी भरायची, म्हणजे गोळा तटावरून टप्पे घेत पुढे जातो आणि ओळीने मांडलेल्या तोफा निकामी करतो.

उसळीचा कोन आघाताच्या कोनाइतकाच असतो, असेही त्या मजकुरात सुचवले आहे. आरशावरील प्रकाशाचा हा नियम गोळीला जसाच्या तसा लागू होत नाही. काँक्रीटसारख्या कठीण भिंतीवरून ती बहुधा अधिक सपाट कोनात, भिंतीलगत निघते.

उच्चाराबद्दल वाद नको. इंग्रजीत ‘रिकोशे’ आणि ‘रिकोशेट’ दोन्ही रूढ आहेत.