आधी पद, मग धंद्याचं बघू

एमबीएचा निकाल लागला की पहिलं काम: व्हिजिटिंग कार्ड छापून घ्या. धंदा कोणता ते ठरलं नसेल तर उत्तमच, कार्ड जास्त दिवस चालतं. नावाखाली ‘फाउंडर आणि सीईओ’ येऊ द्या. प्रायव्हेट लिमिटेड करायची तर किमान दोन संचालक लागतात: एक तुम्ही, दुसरी आई. सही करताना ती ‘यात कर्जबिर्ज नाही ना रे?’ असं विचारेल. हसण्यावारी न्या. इतका नेमका प्रश्न पुढे एकही गुंतवणूकदार विचारणार नाही.

लघुउद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. तरीही ती करून द्यायचे पैसे घेणारे एजंट आहेतच. त्यांना हसू नका, या साखळीत पहिल्या दिवसापासून नफ्यात असलेले तेवढेच.

ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडलाच घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे फिरकू नका, तिथे लोक थेट ‘बनवता काय?’ असं विचारतात. तुमच्या मामाचं वर्कशॉप तिथेच आहे. तो मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो आणि बिलामागे तीन-तीन महिने फिरतो. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. मामाला तो पाठ आहे. तक्रार केली की पुढची ऑर्डर येत नाही, हेही पाठ आहे. अशा माणसाला दिवाळीत गाठून ‘कॅश फ्लो मॅनेजमेंट’ समजावून सांगा. लीडरशिपचा सराव घरातूनच सुरू होतो.

आता विषय. नाशिककराला तो शोधावा लागत नाही: कांदा. पहिल्याच स्लाइडवर ‘मधला माणूस हटवू’ असं लिहा. (हटवल्यावर मध्ये तुम्हीच असाल, ते शेवटच्या स्लाइडवर, बारीक अक्षरात.) मग अ‍ॅप काढा: भाव पडले की शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘माल थांबवा’ असा मेसेज. जानेवारीत तो दाखवायला लासलगावला जा. बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग असेल. त्यातला एखादा आजोबा तुमचा मोबाइल लांब धरून वाचेल, ट्रॉलीतला एक कांदा उचलून तुमच्या हातावर ठेवेल आणि म्हणेल, ‘भाऊ, हा लाल आहे. उन्हाळ नाही.’ लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो. कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो तो उन्हाळ, आणि तोही सडतो, कोंब धरतो, वजनात घटतो. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये झाली तशी निर्यातबंदी झाली, तर थांबवलेल्या मालाचं काय करायचं, याचं बटण अ‍ॅपमध्ये नाही. खचू नका. या भेटीला ‘ग्राउंड रिसर्च’ म्हणतात. ट्रॅक्टरसमोर फोटो काढा आणि खाली लिहा: शेतकऱ्यांकडून खूप शिकलो. नेमकं काय, ते लिहू नका.

प्रेरणास्थानं इथलीच सांगा. सुला वाइनचे राजीव सामंत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकले, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीचे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकी. तुमच्या फीचा आकडा बघता पदव्यांचा हा तपशील वडिलांच्या कानावर न गेलेला बरा.

टीम म्हणजे एक इंटर्न. त्याला पगार नाही, ‘एक्स्पोजर’ द्यायचं. त्याने पैशांचा विषय काढलाच तर ‘पुढच्या फंडिंग राउंडनंतर बघू’ म्हणा आणि मिसळ खाऊ घाला. पापड जास्तीचा मागवा, उदार दिसतं.

कंपनी बंद पडली तरी बंद पडली म्हणू नका. ‘पिव्हट’ केलं म्हणा आणि मेंटॉर व्हा. ‘अपयशातून नेतृत्वाकडे’ या विषयावर बोलायला तुमचंच कॉलेज बोलावेल. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप मिळेल. मानधनाचं मात्र विचारू नका. प्राचार्यही ‘एक्स्पोजर’च म्हणतील, आणि चहासोबत पापडसुद्धा नसेल.